गाठोडं बांधण्याआधी

घर बदलताना पॅकर्स अँड मूव्हर्सवाल्यांना बोलावलंय कधी? पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या पत्रिकेत हा योग दर अकरा महिन्यांनी असतोच. तर ही मंडळी तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे यादीवाला. तुम्ही जे सामान लिहून दिलंत तेवढंच तो उचलणार. गॅलरीतली तुळस यादीत नव्हती? राहिली मागे. ती राहिली हे तुम्हाला कळणार नव्या घरी गेल्यावर. दुसरा प्रकार झाडूवाला. दिसेल ते खोक्यात. माझ्या एका मित्राचा ओल्या कचऱ्याचा डबा, आतल्या कांद्याच्या सालांसकट, व्यवस्थित बबल रॅपमध्ये गुंडाळून बाणेरहून ठाण्याला पोचला होता. तिसरा प्रकार दुर्मिळ. तो दारात थांबतो आणि विचारतो, "साहेब, हे यादीत नाहीये. घ्यायचं का ठेवायचं?" त्या क्षणी त्याचा राग येतो, कारण टेम्पो खाली उभा असतो आणि सोसायटीचा वॉचमन शिट्ट्या मारत असतो. पण पुढच्या वेळी आपण त्यालाच बोलावतो.

असो. आजचा विषय सामानाचा नाही. सोर्स कोडचं गाठोडं बांधणाऱ्या टूल्सचा आहे. विषय रुक्ष वाटेल, पण ज्यांनी शुक्रवारी संध्याकाळी रिलीज दिलाय त्यांना तो रुक्ष वाटणार नाही, ही खात्री आहे. :-)

प्रश्न साधा आहे. तुमच्या लॅपटॉपवर प्रोजेक्टचं एक फोल्डर आहे. ते गिटच्या ताब्यात आहे असं आपण म्हणतो, पण फोल्डर म्हणजे रेपो नव्हे. त्या फोल्डरात चार जातींच्या फाइल्स एकत्र नांदत असतात. एक, कमिट झालेल्या. दोन, गिटला माहीत असलेल्या, पण शेवटच्या कमिटनंतर बदललेल्या. तीन, गिटला माहीतच नसलेल्या, म्हणजे अनट्रॅक्ड. आणि चार, 'हिच्याकडे बघू नकोस' असं आपण मुद्दाम सांगून ठेवलेल्या, म्हणजे इग्नोर केलेल्या. आता तुम्ही टूलला सांगितलंत, 'बाबा रे, या सोर्सचं पॅकेज बनव.' तर त्याने यातलं नक्की काय घ्यावं?

पहिली जात घ्यायची यावर कोणाचं दुमत नाही. भांडण आहे ते बाकीच्या तिघींवरून.

गिटची स्वतःची 'गिट अर्काइव्ह' कमांड यादीवाली आहे. तुम्ही तिला कमिट किंवा टॅग द्यायचा, ती त्यात नोंदलेलं तेवढंच बांधून देते. फोल्डरात काय पडलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. शुद्ध, सोवळं काम. पण यात एक गोम आहे. तुम्ही नवीन फाइल बनवलीत, 'गिट ॲड' करायला विसरलात आणि बाकीचं कमिट केलंत. तुमच्या मशीनवर सगळं चालतं, कारण फाइल फोल्डरात आहेच. पॅकेजमध्ये मात्र ती नाही. कोड असेल तर निदान समोरच्याकडे बिल्ड फुटतो आणि लगेच कळतं. एखादी भाषांतराची किंवा टेम्प्लेटची फाइल असेल तर बिल्डही होतो, इन्स्टॉलही होतं, आणि तीन आठवड्यांनी कोणीतरी विचारतं की पावती कोरी का छापली जातेय.

एनपीएम झाडूवाला. 'एनपीएम पब्लिश' म्हटलं की ते समोरचं फोल्डर बांधतं. गिटमध्ये कमिट आहे की नाही हे ते विचारत नाही. काय घ्यायचं ते पॅकेज-जेसनमधल्या 'फाइल्स' या यादीत लिहिता येतं. ती नसेल तर 'डॉट एनपीएमइग्नोर' बघितलं जातं, आणि तेही नसेल तर 'डॉट गिटइग्नोर'. इथेच खड्डा आहे. पासवर्ड असलेली 'डॉट ईएनव्ही' फाइल गिटइग्नोरमध्ये लिहून तुम्ही निर्धास्त असता. मग कोणीतरी टेस्टचं फोल्डर पॅकेजमध्ये नको म्हणून दोन ओळींची एनपीएमइग्नोर बनवतं. आता त्या फोल्डरातल्या गिटइग्नोरकडे बघितलंच जात नाही, आणि तुमचे पासवर्ड जगाला अर्पण! पॅकेज मागे घेतलं तरी ज्यांनी उतरवलं त्यांच्याकडे ते राहतंच, आणि तोच आवृत्ती क्रमांक पुन्हा वापरताही येत नाही.

तिसरा, दारात थांबून विचारणारा, म्हणजे रस्टचा कार्गो. पॅकेजमध्ये जाणाऱ्या फाइल्सपैकी एखादी जरी कमिट नसेल तर तो सरळ थांबतो, फाइलींची नावं दाखवतो आणि म्हणतो, तरीही पुढे जायचं असेल तर '--अलाऊ-डर्टी' असं स्पष्ट सांग. एवढंच नाही, कोणत्या कमिटवरून पॅकेज झालं त्याचा क्रमांक तो पॅकेजच्या आत एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. शिवाय बांधलेलं गाठोडं स्वतःच वेगळीकडे सोडून त्याचा बिल्ड होतो का तेही तपासतो. एवढी कटकट कशाला? कारण क्रेट्स-डॉट-आयओवर एकदा चढवलेली आवृत्ती साधारणपणे कायमची. नंतर 'यँक' करून 'ही नवीन कोणी घेऊ नका' एवढंच सांगता येतं.

आता माझी बाजू सांगण्याआधी एक गोष्ट सांगतो. २००९-१० च्या सुमाराची. माझी दुसरीच नोकरी, पुण्यात. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आमचं प्रॉडक्ट ठेवींवरचं व्याज काढायचं. तेव्हा आमच्याकडे सबव्हर्जन होतं, आणि रिलीज बनवायला एक स्क्रिप्ट होतं. त्याचा मुख्य भाग एका ओळीचा: फोल्डर उचला, टार करा. झाडूवाला, थोडक्यात.

टीममध्ये कोल्हापूरचा एक मुलगा होता. हुशार, कमी बोलणारा. एका क्लायंटचे सगळे रिलीज त्याच्याच मशीनवरून जायचे. त्याला बंगळूरला चांगली नोकरी लागली, नोटीस पिरियड संपत आला, लॅपटॉप जमा झाला, आयटीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी तो फॉरमॅटही केला. त्याच आठवड्यात पुढचा रिलीज दुसऱ्या मशीनवरून गेला. आणि दोन दिवसांनी क्लायंटचा फोन. व्याजाचे आकडे बदललेत. रक्कम किरकोळ, खात्यामागे काही पैसे. पण पासबुकात पैशांचा फरक म्हणजे काय असतो ते बँकिंगमध्ये काम केलेल्यांना विचारा.

शोधाशोध केल्यावर कळलं की व्याज पूर्णांकात कसं आणायचं हे सांगणारी एक छोटी कॉन्फिग फाइल त्या मुलाच्या फोल्डरात होती. सबव्हर्जनमध्ये नव्हती. फाइल सापडली नाही तर प्रोग्राम मुकाट्याने स्वतःचा डिफॉल्ट नियम वापरायचा. झालं! मॅनेजर साहेबांनी निकाल दिला की याने हँडओव्हर नीट दिला नाही, सबब रिलीव्हिंग लेटर थांबवा. आयटीतल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. पुढच्या सोमवारी त्याचं जॉइनिंग होतं, आणि तिथे लेटरशिवाय आत घेणार नव्हते. घरी कर्ज होतं हे आम्हाला माहीत होतं. मीटिंगमध्ये तो खाली मान घालून बसला होता. मी बाजूलाच होतो.

आमच्या लीड मॅडम तोपर्यंत काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी लॅपटॉप प्रोजेक्टरला लावला. आधीच्या रिलीजचं टारबॉल सोडलं, शेजारी त्याच टॅगचा 'एसव्हीएन एक्सपोर्ट' घेतला आणि दोन्हींचा डिफ काढला. टारबॉलमध्ये बारा फाइल्स जास्तीच्या निघाल्या. एक ती व्याजाची. बाकी लॉग, टेस्टचे सीएसव्ही असला कचरा. आणि एक त्याचा बायोडेटा! सगळे हसले. तोही हसला, त्या दिवसात पहिल्यांदा.

"याने फाइल चेक-इन केली नाही, एवढं साधं आहे," साहेब म्हणाले.

"सर, ही फाइल चार वेळा क्लायंटकडे गेलीय," मॅडम म्हणाल्या. "चार वेळा आपल्या स्क्रिप्टने ती उचलली आणि एकदाही कोणाला विचारलं नाही. याचा बायोडेटा चार वेळा पाठवला तरी आपल्याला पत्ता नाही. मग फाइल रेपोत नाही हे याला तरी कळणार कसं?"

साहेब गप्प. मॅडमनी मग ते स्क्रिप्ट उघडून पडद्यावर ठेवलं आणि विचारलं, हे रिव्ह्यू कोणी केलं होतं? कोणीच नव्हतं केलं. ते वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं. संध्याकाळी लेटर निघालं. फाइल जुन्या टारबॉलमधून काढून चेक-इन झाली, तेही अर्ध्या तासाचं काम होतं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. पॅकेजमधलं आणि रेपोतलं वेगळं असेल आणि टूल त्यावर गप्प बसत असेल, तर तिथे पुढे कधीतरी एका माणसाच्या गळ्यात ते घोंगडं पडणार. गप्प बसून घेणारं टूल आणि गप्प बसून वगळणारं टूल, दोन्ही या बाबतीत सारखीच. फक्त बिल फाटण्याचा दिवस वेगळा.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. मॅडमनी स्क्रिप्टमध्ये तपासणी घातली: 'एसव्हीएन स्टेटस'मध्ये काहीही दिसलं तर रिलीज थांबव. उत्तम! दोन आठवड्यांत लोकांनी ती तपासणी टाळायचा रस्ता शोधला. कारण प्रत्येकाच्या फोल्डरात लॉग, कंपाइल झालेल्या फाइल्स, एडिटरची पिल्लावळ असं मिळून शे-दीडशे प्रश्नचिन्हं दिसायची. रोज वाजणारी घंटा कोणी ऐकत नाही. मग आधी इग्नोरची यादी नीट केली, फोल्डर खरोखर रिकामं दिसायला लागलं, आणि त्यानंतर कुठे त्या घंटेला किंमत आली. टूलने प्रश्न विचारावा हे खरं, पण तो उत्तर देता येण्यासारखा हवा. दीडशे नावांची यादी फेकून 'हो की नाही?' विचारणं म्हणजे विचारणं नव्हे.

काही टूल्स थांबत नाहीत, नुसता शिक्का मारतात. सबव्हर्जनमधलं 'एसव्हीएनव्हर्जन' बदललेल्या फोल्डरासाठी क्रमांकापुढे 'एम' लावतं. मर्क्युरियल अधिकचं चिन्ह लावतं. 'गिट डिस्क्राइब'ला '--डर्टी' दिलं तर शेवटी 'डर्टी' येतं. लिनक्स कर्नेल स्वतः बिल्ड केलाय त्यांनी आवृत्तीच्या शेपटीला हा शब्द लटकलेला पाहिला असेल. शिक्क्याची कल्पना मला आवडते. मशीन बदललं, माणूस गेला, तरी पॅकेज स्वतःच सांगतं की माझा पूर्ण हिशेब रेपोत मिळणार नाही. पण एक बारकावा बघा. गिट डिस्क्राइबचा 'डर्टी' फक्त माहीत असलेल्या फाइल्स बदलल्यात का तेवढं बघतो. अनट्रॅक्ड फाइल कितीही पडलेल्या असोत, शिक्का स्वच्छ! 'एसव्हीएनव्हर्जन'चंही तेच. म्हणजे वरच्या गोष्टीतल्या फाइलवर हा शिक्का उमटलाच नसता. गो भाषेने २०२२ मध्ये, १.१८ आवृत्तीपासून, बिल्ड केलेल्या प्रोग्राममध्येच कमिटचा क्रमांक आणि 'बदल होते की नव्हते' ही नोंद घालायला सुरुवात केली. ती नोंद 'गिट स्टेटस' विचारून होते, त्यामुळे अनट्रॅक्डही पकडलं जातं. हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

नव्या मंडळींना निक्सच्या फ्लेक्सची गंमत माहीत असेल. तिथे माहीत असलेल्या फाइलमधला कमिट न केलेला बदल घेतला जातो, वर 'गिट ट्री डर्टी आहे' असा इशारा मिळतो. पण अनट्रॅक्ड फाइल त्याला दिसतच नाही. तुम्ही समोर बघताय की फाइल आहे, आणि तो म्हणतो नाही. 'गिट ॲड' केलं, कमिट न करताही, की दिसायला लागते. जुना 'एसव्हीएन एक्सपोर्ट' वर्किंग कॉपीवर चालवला की असाच वागायचा: स्थानिक बदल घ्यायचा, अनोळखी फाइल सोडायचा. या मधल्या मार्गात तथ्य आहे. 'ॲड' करणं म्हणजे माणसाने 'ही माझी' असं म्हणणं. फक्त वगळलेल्या फाइलीचं नाव मोठ्याने सांगितलं तर किती लोकांची किती दुपार वाचेल!

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, पैशा-दोन पैशाच्या व्याजावरून एवढं पुराण? तर २०२४ चा मार्च आठवा. २९ तारखेला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या इंजिनियरने जाहीर केलं की 'एक्सझेड' या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. त्याला शंका आली ती एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून. या प्रकरणावर खूप लिहून झालंय, पण आपल्या विषयाशी जोडलेला भाग असा: घातक माल टेस्ट फाइल्सच्या वेषात रेपोत होता, पण तो जागा करणारी बिल्डची फाइल रेपोत नव्हती. ती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. ज्यांनी गिटवरून कोड वाचला त्यांना ती दिसणं शक्यच नव्हतं. सातबाऱ्यावर एक आणि शेतात दुसरंच उभं, तसला प्रकार.

आणि कोणाला संशय का आला नाही? कारण टारबॉलमध्ये रेपोत नसलेल्या फाइल्स असणं ही जुनी रीतच आहे. ऑटोटूल्स वापरणारे प्रोजेक्ट 'कॉन्फिगर'सारख्या तयार केलेल्या फाइल्स रेपोत ठेवत नाहीत, पण टारबॉलमध्ये घालतात, म्हणजे घेणाऱ्याला ऑटोटूल्स लागू नयेत. हेतू चांगला. पण त्यामुळे 'जास्तीच्या फाइल्स असतातच' हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. तपासणारा डिफ काढणार तर हजारो ओळींचा. पुन्हा तीच दीडशे प्रश्नचिन्हं! गर्दी असली की खिसेकापूचं काम सोपं होतं.

आता विरोधी बाजू, कारण तीही खरी आहे. रोज पॅकेजिंग करणारा माणूस म्हणतो, मी एक पॅच लावून बघतोय, दिवसातून वीस वेळा पॅकेज बनवून टेस्ट करतोय. दर वेळी कमिट करू? मग इतिहासात 'तात्पुरतं', 'तात्पुरतं२', 'आता तरी चाल' असले वीस कमिट पडतात. टूलच्या समाधानासाठी केलेला कमिट हा कमिट नव्हे, ती पळवाट. मान्य. (गिटमध्ये याला एक छान उतारा आहे. 'गिट स्टॅश क्रिएट' तुमच्या ट्रॅक्ड फाइल्समधल्या बदलांचा कमिट बनवून त्याचा क्रमांक देतं, ब्रँचला हात न लावता. तो क्रमांक गिट अर्काइव्हला द्यायचा. अनट्रॅक्ड मात्र यातही येत नाहीत.)

दुसरा म्हणतो, हल्ली रिलीज लॅपटॉपवरून देतो कोण? सीआयवर ताजा क्लोन घ्या, प्रश्न मिटला. बराचसा मिटतो, हे खरं. पण सीआयच्या पायऱ्याही फोल्डरात घाण करतातच. 'एनपीएम इन्स्टॉल' लॉकफाइल बदलू शकतं, कोड तयार करणारी स्क्रिप्टं फाइल्स टाकून जातात, आणि मग पॅकेजिंगची पायरी येते. शिवाय रात्री दोनला सीआय बंद पडलेलं असतं तेव्हा हॉटफिक्स कुठून जातो, हे आपण सगळे जाणतो.

म्हणून मला वाटतं, टूलने दोन प्रसंग वेगळे ओळखावेत: 'माझ्यापुरतं बनव' आणि 'बाहेर पाठव'. स्वतःपुरतं असेल तर खुशाल बदललेलं घ्या, फक्त आवृत्तीवर 'डर्टी'चा शिक्का मारा. बाहेर जाणार असेल तर मात्र नियम कडक:

१. कमिट नसलेलं काही असेल तर थांबा. नावं सांगा, आणि 'बदललेल्या' व 'अनोळखी' अशा दोन वेगळ्या याद्या द्या. दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

२. इग्नोर केलेली फाइल कधीही आपणहून घेऊ नका. तयार केलेली फाइल लागणार असेल तर ती नावानिशी लिहून ठेवलेली हवी, आणि ती कशी तयार झाली तेही. म्हणजे दुसरा कोणी ती पुन्हा तयार करून ताडून बघू शकेल.

३. पळवाट ठेवा, पण ती दर वेळी हाताने टाइप करावी लागेल अशी. सेटिंगमध्ये कायमची चालू करता येणारी पळवाट म्हणजे दरवाजाच काढून ठेवणं.

४. पळवाट वापरली तर ते पॅकेजच्या आत लिहा.

५. शेवटी बांधलेलं गाठोडं रिकाम्या फोल्डरात सोडा आणि तिथून बिल्ड करून बघा. गोडाऊनमध्ये सगळं होतं याला अर्थ नाही. टेम्पोत काय चढलं ते महत्त्वाचं.

यात माझं डोकं फारसं नाही. पहिला, तिसरा, चौथा, पाचवा कार्गो बराचसा पाळतो. डेबियनमधलं 'गिट-बिल्डपॅकेज' कमिट न केलेले बदल दिसले की थांबतं आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे हे जमतं. करणाऱ्यांनी केलंय.

सोमवारी ऑफिसला गेलात की एक काम करा, फार तर वीस मिनिटांचं आहे. तुमच्या टीमने शेवटचा दिलेला रिलीज उतरवा, सोडा. शेजारी त्याच टॅगचा गिट अर्काइव्ह सोडा. दोन्हींचा डिफ काढा. काही निघालं नाही तर उत्तम, चहा घ्या. निघालं तर प्रत्येक फाइलपुढे एक ओळ लिहा: ही कुठून आली, आणि हवी का. एखादी अशी निघेल जिच्यापुढे कोणालाच काही लिहिता येणार नाही. ती कोणाची, हे विचारत बसू नका. ती आत येऊ कशी शकली, तिथून सुरुवात करा.